वाहिन्यांचीं बारशीं

आमच्या घराशेजारीं, महालांतील एका जुन्या वाड्यांत, एक वृद्ध बाई राहतात. संध्याकाळचे सात वाजले कीं त्या नातवास हांक मारून सांगतात, "अल्फा लावून दे ना रे बाबू." नातू निमूटपणें जी लावून देतो ती झी मराठी होय. 'अल्फा' ह्या नांवाची वाहिनी २००५ सालींच नाहींशी झाली. नातवाचा जन्म त्यानंतरचा. म्हणजे ज्या नांवाची वस्तु त्यानें जन्मांत पाहिली नाहीं, ती तो आजीच्या आज्ञेवरून रोज बिनचूक हजर करतो. दोघांमध्यें ह्यावरून कधीं घोंटाळा झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

ह्या क्षुल्लक गोष्टीवरून आम्हांस असें वाटूं लागलें कीं, आपल्या दूरचित्रवाहिन्यांच्या नांवांचा इतिहास एकदां सरळ लावून पाहावा. ज्या नांवांचा उच्चार महाराष्ट्रांत घरोघर गेलीं पंचवीस वर्षें देवाच्या नांवाहूनहि अधिक वेळां झाला असेल, तीं आलीं कोठून, ठेविलीं कोणीं आणि पुसलीं कोणीं, ह्याचा विचार आपण क्वचितच करतों. विषय हलका आहे असें कोणी म्हणेल. परंतु ज्या भाषेंत 'नांव ठेवणें' ह्या एकाच शब्दप्रयोगाचे बारसें करणें आणि निंदा करणें असे दोन्ही अर्थ होतात, त्या भाषेच्या लोकांनीं तरी नांवाची गोष्ट हलकी मानूं नये.

आरंभ सरकारी नांवांपासून करावा लागतो. नागपूरचें नभोवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. त्याला पुष्कळ वर्षें दोन नांवें होतीं. इंग्रजींत ऑल इंडिया रेडिओ आणि देशी भाषांत आकाशवाणी. ह्यांपैकीं इंग्रजी नांव सरकारनें २०२३ च्या मे महिन्यांत मोडींत काढलें. तोंवर लोकांच्या तोंडीं तिसरेंच, म्हणजे नुसतें 'रेडिओ', हें नांव बसून गेलेलें होतें. चित्रवाणीचें मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं निघालें, आणि १९७६ सालीं चित्रवाणी नभोवाणीपासून वेगळी होऊन तिला दूरदर्शन हें स्वतंत्र नांव मिळालें. आम्हां नागपूरकरांस तिचें दर्शन घडूं लागलें तें १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास. तेव्हां तें खरोखरच दूरचें दर्शन होतें. गच्चीवरचा अँटेना फिरवीत एकानें वर उभें राहावयाचें आणि खालून दुसऱ्यानें "आलं, आलं, गेलं" म्हणून ओरडावयाचें, हा त्या दर्शनाचा विधि होता.

पुढें १९९४ सालीं मराठीची स्वतंत्र उपग्रहवाहिनी निघाली. तिचें नांव काय, तर 'डीडी-१०'. हें नांव नव्हे, हा तुरुंगांतील बिल्ला होय. सहा वर्षें मराठी भाषा हा बिल्ला छातीवर लावून हिंडली आणि २००० सालीं तिला 'सह्याद्री' हें नांव मिळालें. नांव सुंदर आहे; त्यांत भूगोल आहे, इतिहास आहे, उच्चारतांना छाती किंचित् रुंदावते. परंतु आम्ही तें प्रथम ऐकिलें तेव्हां आमच्या मनांत जो विचार आला तो येथें लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. नागपूरच्या कोणत्याहि गच्चीवरून सह्याद्रि दिसत नाहीं. आमच्या उत्तरेस सातपुडा आहे, वऱ्हाडच्या अंगास गाविलगडचे डोंगर आहेत, आणि जवळ म्हणावी तर रामटेकची टेकडी आहे. विदर्भाचा मुलूख महाराष्ट्रांत सामील झाला त्याला तेव्हां चाळीस वर्षें होत आलीं होतीं. तरी सबंध महाराष्ट्रास एक डोंगर द्यावयाची वेळ आली तेव्हां तो पश्चिमेकडचाच निघाला. हें कोणीं मुद्दाम केलें असें आमचें म्हणणें नाहीं. नांव ठेवणारा आपल्या खिडकींतून जें दिसतें तेंच नांव ठेवतो, इतकेंच. सरकारनें त्या काळांत इतर प्रांतांच्या वाहिन्यांनाहि पर्वतांचीं नांवें दिलीं होतीं. गुजराथीला गिरनार, तेलुगूला सप्तगिरि, तमिळीला पोदिगै. त्यांतील पोदिगैचें नांव २०२४ सालीं काढून 'डीडी तमिळ' असें सरळ केलें गेलें. सह्याद्रि अद्याप जाग्यावर आहे, आणि आतां त्याची आम्हांलाहि संवय झाली आहे.

खासगी वाहिन्यांचा प्रकार निराळा. त्या निघाल्या व्यापारासाठीं, आणि त्यांचीं नांवें ठेविलीं तीं घरधन्यांनीं. १५ ऑगस्ट १९९९ रोजीं 'अल्फा टीव्ही मराठी' सुरू झाली. तिचा धनी जो झी समूह, त्याची हिंदी वाहिनी १९९२ पासून चालू होती. त्यानें मराठी, बंगाली, पंजाबी, गुजराथी अशा प्रांतिक भाषांतील वाहिन्यांना एकच नांव दिलें: अल्फा. ग्रीक वर्णमालेचें हें पहिलें अक्षर. मराठीशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. पण तें नवें होतें, तोंडांत सहज बसे, आणि त्याच्या मागें अर्थ नसल्यामुळें जो अर्थ लोक घालतील तो त्यांत राहत असे. लोकांनीं त्यांत 'आभाळमाया' घातली, 'श्रीयुत गंगाधर टिपरे' घातले. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'तील टिपरे कुटुंब पडद्यावर आलें तें अल्फावर. हा हा म्हणतां त्या कोऱ्या ग्रीक अक्षराला मराठी घराचा वास येऊं लागला. आणि असा वास येऊं लागला तोंच, २००५ सालीं, तें नांव काढून 'झी मराठी' हें नांव लाविलें गेलें. पहिल्या अक्षराचें नांव जाऊन शेवटच्या अक्षराचें नांव आलें, असें तेव्हां आमचे एक मित्र म्हणाले होते. मित्राचा श्लेष चांगला होता, पण व्यापाराच्या दृष्टीनें धन्याचें चुकलें असें म्हणवत नाहीं. ज्याची पेढी त्याची पाटी. अल्फा म्हटल्यानें झी आठवत नसे, आणि जाहिरातदाराला पेढीचें नांव हवें असतें.

येथें आपल्याकडील एक जुनी चाल आठवल्यावांचून राहत नाहीं. लग्न लागल्यावर तबकांत तांदूळ पसरून त्यांत सोन्याच्या अंगठीनें नवरीचें नवें नांव लिहावयाचें; माहेरचें नांव त्या क्षणीं संपलें. वाहिनीचें नांव बदलतें तेव्हां थेट हेंच होतें. घर बदललें कीं नांव बदललें. फरक इतकाच कीं, नवरीच्या नव्या नांवासाठीं पुष्कळ घरांत चार चांगलीं नांवें काढून पाहत, कोणी हौशी नवरा रात्रभर विचार करी. वाहिनीच्या तबकांत बहुधा सासरचें आडनांवच लिहितात आणि त्याच्या पुढें 'मराठी' हा शब्द चिकटवितात. झी मराठी, कलर्स मराठी, सोनी मराठी, सन मराठी. ह्यांतील 'मराठी' हें विशेषण आहे कीं विशेष्य, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलें नाहीं. तें दुकानाच्या शाखेच्या पाटीसारखें दिसतें: अमुक पेढी, सीताबर्डी शाखा. भाषेला स्वतःचें नांव मिळालें खरें, पण तें पत्त्याच्या ओळींत.

कलर्स मराठीची कथा ह्या तबकाची उत्तम साक्ष आहे. ही वाहिनी ९ जुलै २००० रोजीं 'ई टीव्ही मराठी' म्हणून निघाली. तिचे धनी हैदराबादचे रामोजी राव, आणि ई म्हणजे त्यांचें तेलुगू दैनिक 'ईनाडु'. त्या शब्दाचा तेलुगूंत 'आजचा दिवस' असाहि अर्थ होतो आणि 'हा देश' असाहि. हें नांव किती अर्थपूर्ण आहे, हें मराठी प्रेक्षकांपैकीं हजारांतून एकासहि ठाऊक नव्हतें. त्यांच्या लेखीं ई हें एक इंग्रजी अक्षर होतें. कार्यक्रम हैदराबादेहून प्रक्षेपित होत. वऱ्हाडावर एके काळीं निजामाचा अंमल होता, त्यामुळें हैदराबादेहून कांहीं येणें हें आमच्या पणजोबांस तरी नवलाचें वाटलें नसतें! पुढें रामोजी रावांच्या प्रांतिक वाहिन्यांचा हिस्सा टीव्ही १८ ह्या समूहाकडे गेला. व्यवहार २०१२ सालीं जाहीर झाला आणि २०१४ सालीं पुरा झाला. लगेच २०१५ च्या मार्च महिन्यांत ई टीव्हीचें नांव पुसून 'कलर्स मराठी' झालें. कलर्स ही त्या घरची हिंदी थोरली बहीण, २००८ सालीं जन्मलेली. 'आजचा दिवस' गेला आणि 'रंग' आले. दोन्ही वेळां मूळ अर्थ प्रेक्षकाच्या दाराशीं येऊन परतला. आतां २०२४ च्या नोव्हेंबरांत कलर्सचें घर आणि स्टारचें घर एकत्र झालें आहे, म्हणजे कलर्स मराठी आणि स्टार प्रवाह ह्या कालपर्यंतच्या सवती एका छपराखालीं आल्या आहेत. नांवें मात्र अद्याप दोन आहेत.

'प्रवाह' हें नांव आलें म्हणून सांगतों, ह्या सर्व नांवांत आम्हांस तें आणि 'माझा' अशीं दोनच मनापासून आवडलीं. प्रवाह ही २००८ सालची. माझा त्याच्या आदल्या वर्षाची, आणि तिची कथा थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. 'स्टार माझा' ही वृत्तवाहिनी २००७ च्या जून महिन्यांत सुरू झाली. बातम्यांच्या वाहिनींत परकी भांडवल शेंकडा २६ हून अधिक असूं नये, असा तेव्हां कायदा होता. म्हणून स्टारनें कलकत्त्याच्या आनंदबाजार पत्रिकेच्या समूहाशीं भागी केली होती. भागीदाराचे ७४ आणि स्टारचे २६. म्हणजे पाटीवर ज्याचें नांव तो घराचा चौथाईचा मालक, आणि पाऊण घर ज्याचें त्याचें नांव कोठेंच नाहीं. ही विसंगति २०१२ पर्यंत चालली. त्या सालीं स्टारनें आपलें नांव परत घेतलें आणि १ जूनपासून वाहिनी 'एबीपी माझा' झाली. हीं तीन अक्षरें उलगडून वाचलीं तर 'आनंदबाजार पत्रिका माझा' असें होतें, आणि पत्रिका स्त्रीलिंगी असल्यामुळें व्याकरण्यानें 'माझी' म्हणावयास हवें! परंतु कोणीहि उलगडून वाचलें नाहीं. लोकांनीं पहिला शब्द आधींहि टाकला होता, नंतरहि टाकला; त्यांच्या दृष्टीनें वाहिनीचें नांव पूर्वीपासून 'माझा' होतें आणि 'माझा'च राहिलें. म्हणून एवढी मोठी उलथापालथ होऊनहि ओरड झाली नाहीं. नांवाचा जो अर्धा भाग मराठी होता तो वांचला, आणि त्यानें दुसऱ्या अर्ध्याची झीज भरून काढली.

'माझा' हा शब्द एकटा उच्चारला कीं मराठी माणसाच्या कानांत त्याच्या आधींचा शब्द आपोआप वाजतो, आणि तो 'महाराष्ट्र' असतो. ह्याचें श्रेय बरेचसें राजा बढे ह्यांच्या 'जय जय महाराष्ट्र माझा' ह्या गीतास आहे. २०२३ सालीं तें राज्यगीत झालें. बढे मूळचे नागपूरचे. वाहिनीचें नांव ठेवणारांच्या मनांत तें गीत होतें कीं नाहीं हें आम्ही सांगूं शकत नाहीं. ऐकणारांच्या कानांत तें होतें, आणि आमच्या मतें नांवाच्या बाबतींत ऐकणाराचा कान हाच खरा दप्तरदार होय. डोंगराच्या वेळीं वगळलेलें आमचें गांव सर्वनामाच्या वेळीं असें मागील दारानें आंत आलें, ह्याचा आम्हांस थोडा आनंद होतो.

आतां ज्या नांवासाठीं हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला त्याकडे वळतों. तें नांव 'लोकमत'. ह्या नांवाचा जन्म यवतमाळचा. १९१८ सालीं लोकनायक बापूजी अणे ह्यांनीं यवतमाळास एक साप्ताहिक काढलें आणि त्याला हें नांव लोकमान्य टिळकांनीं सुचविलें, असें सांगितलें जातें. त्या काळच्या वऱ्हाड-नागपुरांत पत्राचें नांव म्हणजे संपादकाची शपथ असे. अच्युतराव कोल्हटकर ज्याचे संपादक होते तें 'देशसेवक', गोपाळराव ओगल्यांचें 'महाराष्ट्र', माडखोलकरांचें 'तरुण भारत'. ह्यांतील एकाहि नांवावरून छापखाना कोणाचा, भांडवल कोणाचें, हें कळत नाहीं; मनुष्यानें काय करावयाचें पत्करलें आहे एवढें मात्र कळतें. ह्याहून बोलकें उदाहरण 'हितवाद' पत्राचें. गोखल्यांच्या भारत सेवक समाजानें १९११ सालीं नागपुरांत काढलेलें हें पत्र इंग्रजी, आणि नांव शुद्ध संस्कृत. आज आपल्या वाहिन्यांची भाषा मराठी आणि नांवें इंग्रजी आहेत. शंभर वर्षांत पारडें कसें फिरलें हें पाहावयास अधिक पुरावा लागत नाहीं.

'लोकमत' ह्या नांवांत आणखी एक गोष्ट होती. १९१८ सालीं ह्या देशांतील बहुतेक लोकांना मत देण्याचा अधिकारच नव्हता. लोकांना मत आहे, तें मोजण्यासारखें आहे, असें म्हणणें हाच तेव्हां एक राजकीय पक्ष होता. पुढें ज्या अण्यांनीं हें पत्र काढलें तेच १९६२ सालीं, वयाच्या ऐंशीच्या पलीकडे, नागपूरच्या मतदारांच्या मतांनीं लोकसभेंत गेले, आणि तेहि विदर्भाचें निराळें राज्य मागत. म्हणजे नांवाचा अर्थ त्यांच्या हयातींतच कागदावरून पेटींत उतरला होता.

मूळ साप्ताहिक बंद पडलें. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डा ह्यांनीं तेंच नांव घेऊन यवतमाळासच तें पुन्हा उभें केलें, आणि १५ डिसेंबर १९७१ पासून नागपुरांतून दैनिक काढलें. घर बदललें, चालक बदलले, काळ बदलला, पण नांव बदललें नाहीं. असें होऊं शकतें ह्याचा हा नमुना आहे. मग वाहिन्यांचें युग आलें. २००८ च्या एप्रिल महिन्यांत लोकमत आणि नेटवर्क १८ ह्या दोघांनीं समभागी करून मराठी वृत्तवाहिनी काढली. निखिल वागळे तिचे पहिले संपादक. नांव ठेविलें 'आयबीएन लोकमत'. आयबीएन म्हणजे इंडियन ब्रॉडकास्टिंग नेटवर्क. त्याचा मोठा भाऊ सीएनएन-आयबीएन २००५ च्या डिसेंबरांत जन्मला होता. २०१४ सालीं नेटवर्क १८ रिलायन्स समूहाच्या हातीं गेलें. थोरल्या इंग्रजी वाहिनीचें नांव २०१६ सालीं 'सीएनएन-न्यूज १८' झालें, आणि २०१७ सालीं आमची 'न्यूज १८ लोकमत' झाली. आयबीएन हीं अक्षरें जिकडून आलीं तिकडे गेलीं. 'अठरा' हा आंकडा कशासाठीं, असें आम्हांस पुष्कळांनीं विचारलें. आम्ही सांगतों कीं तो टीव्ही १८ ह्या मूळ पेढीच्या नांवांतला आहे, ह्यापलीकडे त्यांत गूढ नाहीं. परंतु मराठी कान तेवढ्यावर थांबत नाहीं. त्याला अठरा पुराणें आठवतात, अठरापगड जाति आठवतात, आणि घरांत महिनाअखेर असेल तर अठरा विश्वे दारिद्र्यहि आठवतें.

येथें आमच्या मनांत दोन विचार एकमेकांशीं भांडतात, आणि वाचकांपासून तें भांडण लपवावें असें वाटत नाहीं. एक विचार म्हणतो: 'लोकमत' ह्या शब्दाच्या आधीं कोणाच्याहि पेढीचें नांव लागणें मुळांतच विपरीत आहे. लोकांचें मत तें, त्याला अमक्याचें लोकमत म्हणणें म्हणजे गांवच्या विहिरीवर खासगी पाटी लावणें होय. दुसरा विचार म्हणतो: निदान पाटी तरी आहे. 'देशसेवक', 'महाराष्ट्र' ह्या उदात्त नांवांच्या मागें पैसा कोणाचा, हें वाचकास शोधावें लागे. आज घराचा मालक बदलतो आणि वर्षादोनवर्षांत तो पडद्याच्या कोपऱ्यांतील चौकोनांत आपोआप कळतो. ह्यांत उघडेपणा आहे. स्टारची चौथाई असतांना पाटी स्टारची होती, तेव्हां प्रेक्षकाला फसविल्यासारखें होतें. एबीपी आल्यावर पाटी खरी झाली, हें नाकारतां येत नाहीं. ह्या दोन विचारांत आम्ही पहिल्याच्या बाजूनें झुकतों, पण जरा संकोचानेंच; कारण दुसऱ्याला आम्हांस उत्तर देतां आलेलें नाहीं.

एक गोष्ट मात्र आम्ही ठामपणें म्हणूं. २०१३ सालीं नागपुरांत घरोघर केबलच्या पेट्या बसविण्याची सक्ती झाली, तेव्हांपासून वाहिनीला तिसरें नांव मिळालें, तें म्हणजे क्रमांक. नळी फिरवून कोणती वाहिनी लागते हें पाहण्याचे दिवस गेले. केबलवाला यादी देऊन गेला, आणि घरांतील लहान मुलें वाहिन्यांना आंकड्यांनीं ओळखूं लागलीं. 'डीडी-१०' चा बिल्ला पुन्हा आला, ह्या खेपेस सर्वांच्याच छातीवर. अशा काळांत ज्या नांवांना अर्थ होता तींच तग धरून राहिलेलीं दिसतात. माझा राहिलें, प्रवाह राहिलें, लोकमत राहिलें. एबीपी, आयबीएन, एटीन हे शब्द तोंडांतून गाळलें तरी चालतें असे प्रत्यय होऊन बसले आहेत.

परवां आम्हांस वर्धा रस्त्यानें जावयाचें होतें. ऑटोवाला विशीबाविशीचा पोरगा होता. त्याला आम्ही "लोकमत चौक" एवढेंच म्हटलें. त्यानें मागें वळूनहि पाहिलें नाहीं. पान थुंकलें, मीटर पाडण्याचें विसरला, आणि बरोबर चौकांत नेऊन उतरविलें.